पीएसपी हाती आला, आता काय खेळायचं?

जुना पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं प्लेस्टेशन पोर्टेबल, हाती आला की नवखा माणूस टीव्हीवरच्या प्लेस्टेशनमुळे ओळखीच्या झालेल्या नावांकडेच धावतो. असॅसिन्स क्रीड, प्रिन्स ऑफ पर्शिया, कॉल ऑफ ड्यूटी. दोन-चार दिवसांत वैताग येतो, यंत्र कपाटात जातं आणि 'एवढं काही खास नाही बुवा' असा शेरा मिळतो. पण शेरा मारायचाच तर तो निवडीवर मारायला हवा. या यंत्रावर मोठ्या नावांचे कित्येक गेम्स सुमार आहेत. आणि आपल्याकडे फारसे कुणी विचारत नाहीत अशा गेम्सपैकी काही आजही थक्क करतात.

कारण यंत्राच्या घडणीतच आहे. पीएसपी १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये आला, पुढच्या वर्षी अमेरिका आणि युरोपात. ४.३ इंची रुंद पडदा, ४८० बाय २७२ पिक्सेल, आणि १.८ जीबीपर्यंत माल मावणारी यूएमडी नावाची छोटी डिस्क. त्या काळी खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी हे फारच होतं. अडचणी मात्र दोन राहिल्या. डाव्या अंगठ्याखाली एकच चपटी घुंडी आहे, उजव्या अंगठ्याला घुंडीच नाही. त्यामुळे चालता चालता कॅमेरा, म्हणजे खेळातलं दृश्य बघायचा कोन, फिरवायचा तर पंचाईत होते. दुसरं म्हणजे डिस्क सावकाश वाचली जाते, म्हणजे लोडिंगला वेळ लागतो. या दोन गोष्टी आधी मान्य करून जो गेम बांधला गेला तो बहुतेकदा चांगला निघाला. टीव्हीवरचा गेम चेपून बसवला तिथे बहुतेकदा फसगत झाली. हे डोक्यात ठेवलं की निम्मी निवड आपोआप होते.

पायरी १ : कुठलं मॉडेल

सरळ सांगायचं तर ३००० मॉडेल घ्या, नाहीतर २०००. पहिलं १००० मॉडेल दणकट वाटतं, पण जड आहे (२८० ग्रॅम, २००० चं वजन १८९) आणि त्यात मेमरी ३२ एमबीच आहे. पुढच्या मॉडेल्समध्ये ती ६४ झाली. शिवाय १००० यूएसबीवरून चार्ज होत नाही, २००० आणि ३००० होतात. ३००० चा पडदा जास्त उजळ आणि रंगीत आहे, पण हलत्या दृश्यात बारीक आडव्या रेघा दिसतात. कुणाला त्या खुपतात, कुणाला दिसतही नाहीत.

पीएसपी गो देखणा आहे, पण त्यात डिस्क बसतच नाही आणि पीएसपीवरून चालणारं सोनीचं दुकान कधीच बंद झालंय. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. २०११ चं ई-१००० मॉडेल स्वस्तात मिळतं, पण त्यात वाय-फाय नाही. म्हणजे शेजारी बसलेल्या मित्राबरोबर खेळता येत नाही, आणि या यंत्रावरचे काही उत्तम गेम्स मित्राबरोबरच खेळायचे आहेत.

पायरी २ : विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या किंवा ओळखीतून घ्या, पैसे देण्याआधी पाच मिनिटं यंत्र हातात घेऊन बसा. मागची बाजू आधी बघा. यूएमडीचं झाकण उघडत नसेल किंवा नुसतं चित्रापुरतं असेल, तर तो पीएसपी नव्हे. पीएसपीसारखं कवच चढवून आत जुने आठ-बिट गेम्स भरलेली यंत्रं बाजारात भरपूर फिरतात.

मग बॅटरीचं झाकण काढा. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटानं एक कोपरा दाबा. डुगडुगली तर ती फुगलेली आहे, वापरायची नाही. नवी घेताना १००० ची बॅटरी जाड असते आणि २०००-३००० ची बारीक, हे दुकानदाराला आधीच सांगा. जाड बॅटरी बारीक मॉडेलमध्ये बसते, पण मागचं झाकण लागत नाही.

घुंडी चारही दिशांना पूर्ण फिरवून सोडा. सोडल्यावरही मेन्यू किंवा पात्र आपोआप सरकत राहिलं तर घुंडी झिजलीय. सुटा भाग मिळतो, मोठी गोष्ट नाही, पण तेवढी किंमत कमी करून घ्या. शेवटी एक डिस्क घालून गेम सुरू होईपर्यंत थांबा. घरघर येणं ठीक आहे. खरवडल्यासारखा आवाज येऊन पुन्हा पुन्हा अडकणं ठीक नाही.

जपानहून आलेला पीएसपी असेल तर दचकू नका. मेन्यू इंग्रजीत करता येतो. फक्त तिथे 'हो'साठी गोल आणि 'नको'साठी फुली असते, आपल्या सवयीच्या नेमकं उलट. गेमच्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात. यूएमडीवर सिनेमेही निघाले होते आणि त्यांना मात्र देशाचं कुलूप असतं. जुन्या डिस्कचा ढीग एकदम घेताना त्यात सिनेमेच जास्त नाहीत ना, हे पाहून घ्या.

पायरी ३ : पहिल्या संध्याकाळची मांडामांड

गेम सेव्ह करायला मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागते (गो वेगळं कार्ड घेतो). अस्सल जुनी शोधत बसू नका. मायक्रोएसडी बसवायचा अडॅप्टर मिळतो, त्यात १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड घाला आणि पीएसपीच्या सेटिंग्जमधूनच फॉरमॅट करा. २००० किंवा ३००० असेल तर तिथेच यूएसबी चार्जिंग सुरू करून ठेवा.

घरच्या वाय-फायला तो बहुधा जोडला जाणार नाही. त्याचं वाय-फाय जुन्या पिढीचं आहे, हल्लीच्या राउटरची सुरक्षा त्याला कळत नाही. सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही.

खरी कामाची चीज उजवीकडच्या सरकत्या बटणात आहे. ते वर ढकलून लगेच सोडलं की यंत्र आहे त्या जागी झोपतं, पुन्हा ढकललं की तिथूनच पुढे सुरू. धरून ठेवलं तर पूर्ण बंद होतं आणि सेव्ह न केलेला खेळ गेला. दादर आलं, बटण वर, पीएसपी खिशात, अशी सवय लागली पाहिजे. मात्र झोपेतही बॅटरी थोडी थोडी उतरते आणि पार संपली की झोपलेला खेळही जातो. रात्री ठेवताना सेव्ह करूनच ठेवा. खेळायचा नसेल तेव्हा तेच बटण खाली सरकवा, म्हणजे खिशात बटणं दाबली जात नाहीत.

पायरी ४ : आधी हे तीन

पहिला ल्युमिनेस. यंत्राबरोबरच आलेला, तेत्सुया मिझुगुचीच्या क्यू एन्टरटेनमेंटचा. दोन रंगांचे, दोन बाय दोनचे ठोकळे वरून पडतात. एकाच रंगाचा चौकोन जमला की तो पुसला जातो, पण लगेच नाही. एक उभी रेघ गाण्याच्या तालावर डावीकडून उजवीकडे सरकत असते, ती वरून गेली की पुसला जातो. इथेच सगळी मजा आहे. संथ गाणं लागलं की रेघ रेंगाळते, तुमचे ठोकळे तुंबत जातात. जलद गाण्यात मोठे चौकोन रचायला फुरसतच मिळत नाही. घुंडीची गरज नाही, कॅमेरा नाही, एकदा सुरू झाला की लोडिंगचं नाव नाही. इअरफोन लावून खेळा.

दुसरा लोकोरोको, २००६ चा. घरात लहान मूल असेल तर यानंच सुरुवात करा. पिवळा गोळा तुम्ही हलवतच नाही. वरची डावी-उजवी बटणं दाबून जमीनच कलती करता आणि गोळा घरंगळतो. दोन्ही एकदम दाबून सोडली की उडी. गोल बटणानं गोळ्याची पिल्लं होतात, अरुंद फटीतून जातात; तेच बटण धरून ठेवलं की परत एक होतात. फळं खाऊन गोळा वाढतो, एका टप्प्यात वीसपर्यंत. ती वीस शोधायची ठरवली की सोपा वाटणारा गेम चांगलाच कस लावतो.

तिसरा पाटापॉन. यावर जरा थांबू या, कारण नवखे इथे उगीचच अडखळतात. तुम्ही देव आहात आणि काळ्या सावलीसारख्या इवल्या सैनिकांना ढोल वाजवून हुकूम देता. चौकोनाचं बटण म्हणजे 'पाटा', गोल म्हणजे 'पॉन'. पाटा-पाटा-पाटा-पॉन वाजवलं की सेना पुढे चालते. पॉन-पॉन-पाटा-पॉन वाजवलं की हल्ला करते. त्रिकोणाचा 'चाका' पुढे मिळतो, चाका-चाका-पाटा-पॉन म्हणजे बचाव.

चूक होते ती घाई करण्यात. चार ठोके तुमचे झाले की पुढचे चार ठोके सेनेचे, ती तुमचाच बोल गाऊन दाखवते. तेवढ्यात बटणाला हात लावला की साखळी तुटते. तुमचे चार, त्यांचे चार, तुमचे चार. पडद्याची कड ठोक्यागणिक चमकते, पण डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा आणि पायानं ठेका धरा. ढोलपथकात उभा राहिलेला माणूस हे दहा मिनिटांत पकडतो. साखळी टिकली की 'फीव्हर' चढतो आणि सेना दुप्पट जोमानं लढते. वाळवंटाच्या टप्प्यात सेना होरपळून मरते, तिथे बरेच जण गेम सोडतात. त्या टप्प्यावर पाऊस पाडणारा चमत्कार बरोबर नेला नाही तर कितीही चांगलं वाजवा, निभाव लागत नाही.

पायरी ५ : मग मोठे

ताल आणि बटणं बोटांत बसली की गॉड ऑफ वॉर : चेन्स ऑफ ऑलिम्पस घ्या. रेडी ॲट डॉन या स्टुडिओचा, २००८ चा. टीव्हीवरचे गेम्स इथे बहुतेकदा फसतात, त्याला हा अपवाद. मालिका टीव्हीची असूनही जमून आली, कारण त्यात कॅमेरा तुमच्या हातात नसतोच. गेमच तो योग्य जागी नेऊन ठेवतो. टीव्हीवर उजव्या घुंडीनं मारायची कोलांटी इथे वरची दोन्ही बटणं धरून डाव्या घुंडीनं मारायची, एवढं पहिल्याच लढाईत पक्कं करा. त्याच स्टुडिओचा दोन वर्षांनंतरचा घोस्ट ऑफ स्पार्टा याहून मोठा आणि सरस आहे, तो नंतरसाठी ठेवा. मुलांसाठी यांचाच डॅक्स्टर आहे, त्यात रक्तपात नाही.

किलझोनचं उदाहरण बोलकं आहे. टीव्हीवर तो पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा बंदुकीचा खेळ. पीएसपीवर लिबरेशन काढताना करणाऱ्यांनी कॅमेरा सरळ वर, तिरका नेऊन बसवला. दुसऱ्या घुंडीची गरजच मिटली. अवघड आहे, पण अन्याय्य नाही.

जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) हवाच असेल तर व्हाइस सिटी स्टोरीज घ्या. लिबर्टी सिटी स्टोरीज हा पीएसपीवर सर्वाधिक खपलेला गेम, २००५ मध्ये अख्खं शहर खिशात आलेलं बघून लोक वेडावले होते. पण नेम धरायची पद्धत आज त्रास देते. वर्षभरानं आलेल्या व्हाइस सिटी स्टोरीजमध्ये बरंच सुधारलंय. चायनाटाउन वॉर्स वरून दिसणारा आहे आणि छोट्या पडद्यावर तोच सगळ्यात सुटसुटीत वाटतो, हे माझं मत. मित्रमंडळी मानत नाहीत.

गाड्यांसाठी वाइपआउट प्युअर किंवा बर्नआउट लेजन्ड्स. ग्रॅन टुरिस्मो नाव बघून घेऊ नका. २००९ मध्ये बऱ्याच प्रतीक्षेनंतर आला, गाड्या ८०० हून जास्त, चालवण्याचा अनुभव पहिल्या दर्जाचा. पण टीव्हीवरच्या मालिकेत शर्यती जिंकत जिंकत वर चढायचं जे करिअर असतं, तेच यात नाही. गाड्यांचं वेड असेल तर ठीक, नाहीतर आठवड्यात संपतो.

पायरी ६ : यांच्यापासून लांब

सगळ्यात वाईट कोणता म्हणाल तर माझ्या लेखी ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन, २००९ चा, त्याच नावाच्या सिनेमावरून केलेला. लढाईत जीव नाही, चित्रं निर्जीव. मूल ड्रॅगनबॉलच मागत असेल तर शिन बुडोकाई द्या, किंवा टेंकाइची टॅग टीम. डिस्कवरचं पूर्ण नाव वाचून घ्या, दुकानात सगळी 'ड्रॅगनबॉल' म्हणूनच मिळतात.

कोडेड आर्म्स हा डोळ्यांतून दिसणारा बंदुकीचा खेळ. चालणं घुंडीवर, मान वळवणं उजव्या चार बटणांवर, आणि सगळे रस्ते एकसारखे, यंत्रानंच जुळवलेले. कॉल ऑफ ड्यूटी : रोड्स टू व्हिक्टरीचं दुखणंही तेच. बटणं दाबून नेम धरेपर्यंत समोरचा गोळी घालून मोकळा होतो.

असॅसिन्स क्रीड : ब्लडलाइन्समध्ये शहरं ओसाड आहेत. ज्या गर्दीत मिसळून लपायचं ती गर्दीच नाही, मग उरतं काय? प्रिन्स ऑफ पर्शिया : रेव्हलेशन्स हा टीव्हीवरचाच गेम आणून बसवलेला, उडीच्या वेळी कॅमेरा दगा देतो आणि लोडिंग मधे मधे येतं. लोडिंगचाच विषय निघाला तर डब्ल्यूडब्ल्यूई स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६ आणि मिडनाइट क्लब ३ दोन्ही टाळा. कुस्तीपेक्षा कुस्तीची वाट जास्त बघावी लागते.

यादीबाहेरची डिस्क समोर आली तर तीन प्रश्न विचारा. कॅमेरा सतत हातानं फिरवावा लागतो का? एक टप्पा दहा-पंधरा मिनिटांत संपतो का? सिनेमा लागला त्याच महिन्यात घाईनं काढलाय का? पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर डिस्क परत ठेवा. दुसऱ्याचं 'हो' असेल तर बाकी काही माफ आहे.

पायरी ७ : महिनाभर पुरणारे

लांबलचक गेम्स हे या यंत्राचं खरं वैभव, आणि नवख्यानं तिथे उशिरा यावं. क्रायसिस कोअर : फायनल फँटसी सेव्हनमध्ये मूळ कथेच्या बाजूला ३०० छोट्या मोहिमा आहेत, बस येईपर्यंत एक होते. पर्सोना ३ पोर्टेबल करताना टीव्हीवरचं पायी हिंडणं बरंच काढून टाकून पडद्यावर फक्त बाण फिरवायची सोय केली, शिवाय नायकाऐवजी नायिका होऊन खेळायची मुभा दिली. पात्रं बोलतात फार, इंग्रजी वाचायची तयारी हवी. टॅक्टिक्स ओग्रेमध्ये चाल फसली तर मागच्या ५० चालींपर्यंत परत जाता येतं; बुद्धिबळाची आवड असेल तर यात दिवाळीची सुट्टी सहज जाईल. मेटल गिअर सॉलिड : पीस वॉकर छोट्या मोहिमांत तोडलेला आहे आणि त्यात बटणांच्या तीन मांडण्या दिल्यात. तिन्ही वापरून बघा, पहिल्याच मांडणीवर मत बनवू नका.

आणि मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट, अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा खेळ. जपानमध्ये लोक गाडीत, कॅफेत चौघं चौघं जमून हा खेळत. सुरुवातीचे काही तास रटाळ आहेत, आधीच सांगून ठेवतो. गवत उपटा, मांस भाजा, असली कामं. कॅमेरा दिशेच्या बटणांवर आणि चालणं घुंडीवर, म्हणजे दोन्ही डाव्याच हाताला. त्यासाठी खेळाडूंनी एक पकड शोधली : अंगठा घुंडीवर, आणि तर्जनी वाकडी करून वरून दिशेच्या बटणांवर. अर्ध्या तासात मनगट भरून येतं. त्यापेक्षा वरचं डावं बटण टिचकीसारखं दाबत राहा, कॅमेरा पाठीमागे येऊन बसतो आणि बहुतेक शिकारी तेवढ्यावर होतात. पर्यायांमध्ये 'डेटा इन्स्टॉल' आहे, ते पहिल्याच दिवशी करा, लोडिंग कमी होतं. एकट्यानं खेळता येतो, पण दुसरा पीएसपीवाला गाठलात तर खेळाची जातच बदलते.

यंत्र नाही, फोन आहे

आपल्याकडे पीएसपीचे गेम्स फोनवर पीपीएसएसपीपी या ॲपमधूनच जास्त खेळले जातात. ॲप मोफत आहे. सोनेरी चिन्हाची विकतची आवृत्ती करणाऱ्यांना हातभार म्हणून आहे, आत वेगळं काही नाही. ॲप वैध आहे. गेम मात्र स्वतःच्या डिस्कवरून काढलेला हवा, कुठल्याही साइटवरून उतरवलेली फाइल ही चोरीच. सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन दुप्पट ठेवा, जुन्या फोनवर अडखळलं तर मूळ करा. काचेवर बोटं फिरवून लोकोरोको आणि टॅक्टिक्स ओग्रे छान जमतात, गॉड ऑफ वॉरला ब्लूटूथ कंट्रोलर घ्याच. पाटापॉन आणि ल्युमिनेस ब्लूटूथ इअरफोनवर खेळू नका. आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि ठोका कायम चुकतो. वायरचे लावा.

फाइलींच्या भानगडीत पडायचं नसेल तर यांतले बरेच गेम्स नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघालेत. क्रायसिस कोअर आणि टॅक्टिक्स ओग्रे २०२२ मध्ये आले, पर्सोना ३ पोर्टेबल २०२३ मध्ये, पाटापॉनचे पहिले दोन भाग २०२५ मध्ये.

आणि क्रिकेट?

हा प्रश्न येतोच. ईएचा क्रिकेट ०७ पीएसपीवर आलाच नाही. दुकानदार 'आहे' म्हणाला तर डिस्क चालवून दाखवायला सांगा. कोडमास्टर्सचा ब्रायन लारा २००७ प्रेशर प्ले पीएसपीसाठीच केलेला आहे आणि बऱ्यापैकी खेळतो. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स गल्लीतल्या क्रिकेटचा. कौतुकानं घ्यावा, पण बॅटिंगची वेळ साधणं लहरी आहे. हैदराबादच्या गेमशास्त्रचा देसी अड्डा विटीदांडू, कबड्डी, पतंग घेऊन आला होता. स्वस्तात दिसला तर संग्रहासाठी उचला. कबड्डीची खुमखुमी तेवढ्यानं भागणार नाही.